आरे-वारेला जाऊन आपण काय पाहतो?

रत्नागिरीहून गणपतीपुळ्याकडे किनाऱ्याच्या रस्त्याने निघालं की आरे आणि वारे हे जुळे किनारे लागतात. सहलीची बस बहुधा वरच्या वळणावर थांबते. फोटो, खाली जाऊन पाण्यात जरा पाय, की चला पुळ्याला. अलीकडे इथे झिपलाइनही सुरू झाली. मुलं खूश असतात, असावीतच. आमची तक्रार मौजेबद्दल नाही. या सगळ्यात किनारा नाटकाच्या पडद्यासारखा नुसता मागे राहतो, ही तक्रार आहे. झिपलाइन काय, कुठल्याही डोंगरावर बांधता येते.

कोकणातल्या वाळूवर ओहोटीला बारीक गोळ्यांची नक्षी दिसते. ती वाटाण्याएवढ्या खेकड्यांची. ओली वाळू तोंडात घ्यायची, तिच्यातली शेवाळं आणि सेंद्रिय कण खायचे आणि उरलेल्या वाळूची गोळी करून टाकायची, असं त्यांचं जेवण चालतं. भरती आली की पाटी कोरी. मुलांना एका बिळाभोवतीच्या गोळ्या मोजायला सांगा, पंधरा मिनिटं कोणी हलणार नाही.

जवळच्या मालगुंड, गणपतीपुळ्याच्या वाळूत ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात. एका घरट्यात शंभराच्या आसपास अंडी असतात. पिल्लू नर की मादी, हे वाळूच्या उबेवर ठरतं: सुमारे २९-३० अंशांच्या वर माद्या जास्त, खाली नर जास्त. बाहेर आलेली पिल्लं उजेडाच्या दिशेने धावतात. काळोख्या किनाऱ्यावर तो उजेड समुद्राकडे असतो, हॉटेलचे दिवे लागले की तो जमिनीकडे असतो. वाळूवर फिरवलेली गाडी घरटं दाबते, शिवाय तिच्या चाकोऱ्यांत पिल्लं अडकतात. २००२ साली वेळासला ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ने सुरू केलेल्या कामामुळे अंड्यांची चोरी थांबवता येते हे दिसलं. पण पिल्लं सोडताना टाळ्या वाजवणाऱ्या गर्दीला या दिव्यांबद्दल कोणी विचारत नाही.

सुरूच्या बनाचं कौतुकही जरा जपून करावं. सुरू इथला नाही, लावलेला आहे. त्याच्या सावलीने वाळूची ऊब बदलते आणि वाळू धरून ठेवणारी मर्यादवेल मागे हटते.

आणि पाणी. जुलै २०२५मध्ये इथे चौघे बुडाले. लाटांनी किनाऱ्याशी लोटलेलं पाणी एखाद्या अरुंद पट्ट्यातून जोरात परत जातं. तिथे लाटा कमी फुटतात, म्हणून तीच जागा शांत वाटते आणि माणसं नेमकी तिथे उतरतात! ओढ लागली तर किनाऱ्याकडे झुंजू नये, किनाऱ्याला समांतर आडवं पोहत त्या पट्ट्याबाहेर पडावं. ‘पाण्यात जाऊ नका’ या फलकावर हे लिहिलेलं नसतं. वर्गात मात्र चित्र काढून सांगता येईल.

सहलीची तारीख सुट्टी पाहून ठरते, तिथी पाहून नाही. कोकणात जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ. अष्टमीला भरती सहाला, ओहोटी बाराला. पण त्या दिवशी भांगाची भरती-ओहोटी, पाणी फार मागे सरत नाही. द्वादशीला भरती नऊला आणि ओहोटी तीनच्या सुमारास. बस चारला सुटणार असेल, तर खेकड्यांना पुरेसा वेळ मिळतो.