वर्सोव्यातला फ्लॅट आणि गोव्याची संहिता: २०१९ चा एक निकाल कसा वाचायचा

मिश्र कायदेव्यवस्था हा विषय घेतला की तुमच्यासमोर स्कॉटलंड, लुईझियाना, क्वेबेक, दक्षिण आफ्रिका ही नावं येतील. व्हर्नन पामर यांच्या २००१ च्या ग्रंथाने ही यादी जवळपास पक्की केली. त्यांची कसोटी ढोबळमानाने अशी: खासगी कायदा सिव्हिल लॉ परंपरेतला आणि सार्वजनिक कायदा व न्यायालयं इंग्रजी वळणाची. आता ही कसोटी गोव्याला लावून बघा. कुटुंब आणि वारसा १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेतून आलेला, पण निवाडा मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठात, पूर्वनिर्णय दाखवून, इंग्रजीत. पोर्तुगालने स्वतः ती संहिता १९६६ मध्ये बदलली, तोवर गोवा भारतात आला होता. १९६२ च्या प्रशासन कायद्याने जुना कायदा चालू ठेवला आणि तो इथेच राहिला.

म्हणून कुटिन्हो विरुद्ध परेरा हा सर्वोच्च न्यायालयाचा सप्टेंबर २०१९ चा निकाल मुळातून वाचा, सारांशावर थांबू नका. गोवेकर वडिलांनी मुंबईतली मालमत्ता मृत्युपत्राने एका मुलीला दिली होती. प्रश्न असा, की या मालमत्तेला गोव्याची संहिता लागू होणार की १९२५ चा भारतीय उत्तराधिकार कायदा? न्यायालय म्हणालं, गोव्याची संहिता. मालमत्ता भारतात कुठेही असो.

यात पणाला काय लागतं ते माझ्या भागातल्या उदाहरणाने सांगतो. समजा यारी रोडच्या एका मजल्यावर दोन कॅथलिक कुटुंबं आहेत. एक इथलंच ईस्ट इंडियन, दुसरं गोव्याचं, लग्न गोव्यात नोंदवलेलं, लग्नाआधी वेगळा करार नाही. दोन्ही फ्लॅट नवऱ्याच्या नावावर, किंमत प्रत्येकी १ कोटी. दोघांनीही मृत्युपत्रात सगळं थोरल्या मुलाला लिहून दिलं. पहिल्या घरात ते चालून जाईल. विधवेला आणि मुलीला त्या फ्लॅटमध्ये वाटा नाही. दुसऱ्या घरात संहितेप्रमाणे हिशेब केला तर ५० लाख मुळातच बायकोचे. उरलेल्या ५० लाखांतले २५ लाख मुलांचा राखीव हिस्सा, त्याला हात लावता येत नाही. बापाच्या मर्जीचे फक्त २५ लाख! (गंमत म्हणजे वर्सोवाही १७३९ पर्यंत पोर्तुगीजांकडेच होतं. पण संहिता आली त्यानंतर सव्वाशे वर्षांनी.)

निकालाचा खरा कस राखीव हिश्श्याच्या युक्तिवादात लागतो, आणि तो मला पटतो. संपूर्ण इस्टेट एकत्र मोजल्याशिवाय तिचा अर्धा भाग निघणारच नाही. मडगावचं घर एका कायद्याने आणि अंधेरीचा गाळा दुसऱ्या कायद्याने वाटला, तर राखीव हिस्सा चुकवणं अगदी सोपं: पैसा गोव्याबाहेर गुंतवा, झालं. स्थावर मालमत्तेला ती जिथे आहे तिथला कायदा, हा कॉमन लॉचा जुना नियम इथे मागे पडला. गोवा परदेश नाही, त्यामुळे आंतरराष्ट्रीय खासगी कायद्याचा प्रश्नच येत नाही, असं न्यायालयाने म्हटलं.

पण वर्तमानपत्रांनी उचलला तो दुसराच भाग. त्यात गोव्याला समान नागरी कायद्याचं झळाळतं उदाहरण म्हटलंय. निकाल त्या वाक्यांवर उभा नाही, आणि वर्णन म्हणूनही ती कच्ची आहेत. हिंदूंच्या रूढींबद्दलचा १८८० चा हुकूमनामा ठरावीक परिस्थितीत, म्हणजे पंचविशीपर्यंत मूल नाही किंवा तिशीपर्यंत मुलगा नाही, तर नवऱ्याला दुसऱ्या लग्नाची मुभा देतो. याला समान कसं म्हणायचं?

माझी मोठी तक्रार वेगळीच आहे. हा ‘गोवेकर’ नक्की कोण? प्रदीप जैन खटल्यात, १९८४ मध्ये, याच न्यायालयाने सांगितलं होतं की भारतात अधिवास एकच, भारताचा; राज्यागणिक वेगळा नाही. मग आजोबा म्हापशाचे, वडील डॉकयार्डात नोकरीला, नातू सात बंगल्यात जन्मलेला, तर नातवाचं मृत्युपत्र कुठल्या कायद्याने वाचायचं? शिवाय न्यायालयापुढचा प्रश्न वारशाचा होता. बायकोचा अर्धा वाटा वारशाने येत नाही, तो लग्नाने येतो. या दोन गोष्टी तुम्ही टिपणांत वेगळ्या ठेवा. प्रबंधाला पुरेल एवढा विषय या फटीत आहे.

आणि साहित्य फक्त निकालांत शोधू नका. आयकर कायदा, १९६१ चं कलम ५ए काढा. पगार सोडून बाकीचं उत्पन्न गोव्याच्या जोडप्यात अर्धं-अर्धं वाटण्याची सोय त्यात केली आहे. तिथे संहितेचं साल १८६० छापलंय. संहिता १८६७ ची. कायदा करणाऱ्यांनी मूळ पोर्तुगीज मजकूर कितपत उघडून पाहिला होता, हा माझा पुढच्या प्रकरणाचा प्रश्न आहे.