बंद पडलेल्या हॉटेलांचं साहित्य

'नॉस्टॅल्जिया'साठी मराठीत 'स्मरणरंजन' हा शब्द रूढ झाला. ज्यानं तो घडवला त्यानं नकळत त्या प्रकारावर टीकाही करून ठेवली आहे. कारण बहुतेक वेळा स्मरण बाजूला राहतं आणि उरतं ते रंजन. गावातलं जुनं हॉटेल बंद पडलं, एक पडदा थिएटर पाडलं, बाजारपेठेतला पार उखडला, की पंधरा दिवसांत त्यावर लेख येऊ लागतात. लेखाचा क्रमही ठरलेला. आधी वास येतो, मग तर्रीचा रंग, मग गल्ल्यावर बसलेले खडूस पण मनानं चांगले काका, मग तेव्हाचा भाव, आणि शेवटी त्या जागी उभी राहिलेली काचेची इमारत.

असे लेख मी आवडीनं वाचतो. नोकरीसाठी गाव सोडलेल्या माणसाला ते आवडणारच. पण दहा-बारा लेख ओळीनं वाचले की एक गोष्ट लक्षात येते. मिसळीच्या जागी भजी घाला, नाशिकच्या जागी सांगली घाला, लेख तसाच चालतो. आमच्या धंद्यात याला टेम्प्लेट म्हणतात, आणि टेम्प्लेट म्हणून ते वाईट नाही. मात्र जो लेख कुठल्याही हॉटेलाला लागू पडतो तो नेमक्या त्या हॉटेलाबद्दल काही सांगत नसतो. तो लिहिणाऱ्याच्या विशीबद्दल असतो. हॉटेल तिथे नेपथ्यापुरतं.

मग नाहीशा झालेल्या खाण्याच्या जागेवर याहून वेगळं लिहिता येतं का? येतं. मुंबईच्या दोन कवींनी ते करून ठेवलं आहे. दोघांच्याही या कविता इंग्रजीत आहेत, पण त्यांतला रस्ता आपल्या ओळखीचा आहे.

पहिला निसीम इझिकेल. त्याची 'इराणी रेस्टॉरंट इन्स्ट्रक्शन्स' ही छोटी कविता धोबीतलावच्या 'बस्तानी'मधल्या सूचनांवरून सुचली असं सांगतात. कवितेत वर्णन नाही, आठवण नाही, कवी स्वतःही नाही. आहे ती फक्त सूचनांची यादी. काही मागवल्याशिवाय पत्र लिहीत बसू नका, केस विंचरू नका, केबिनमध्ये चावटपणा करू नका, वगैरे. हिचं इंग्रजी मोडकं म्हणून वाचणारे हसतात आणि पुढे जातात. पण जरा थांबून पाहिलं तर प्रत्येक मनाईमागे एक माणूस उभा दिसतो. हॉटेलात बसून पत्र कोण लिहितं? ज्याच्या खोलीत टेबल नाही तो. हॉटेलाच्या आरशात केस कोण विंचरतं? दहा जणांच्या खोलीत ज्याच्या वाट्याला आरसा येत नाही तो. केबिनमध्ये कोण बसतं? ज्यांना शहरात दार लावून बसायला दुसरी जागा नाही ती दोघं. मालक ज्यांना वैतागला होता त्या सगळ्या गिऱ्हाइकांची ही हजेरी आहे. आणि याच यादीत, त्याच कोरड्या सुरात, कुठल्याही जातीचा माणूस चालेल, असंही सांगून टाकलेलं आहे.

ही शेवटची सूचना मला फार महत्त्वाची वाटते. ती लिहावी लागली, याचा अर्थ ती सगळीकडे गृहीत नव्हती. ब्राह्मणांची म्हणून पाटी लावलेल्या खानावळी आपल्याकडे होत्या. दलित गिऱ्हाइकाची कपबशी वेगळी ठेवणारी, त्याला बाहेरच बसवणारी हॉटेलं गावोगाव होती. आपल्या स्मरणलेखांत ही हॉटेलं 'सोवळ्यातली चव' म्हणून येतात. बाहेर बसवलेल्या माणसाला ती चव कशी लागली असेल, हा प्रश्न लेखात येत नाही, कारण लिहिणारा आत बसलेला असतो. इझिकेलच्या कवितेत एकाही पदार्थाचं नाव डोक्यात घोळत राहत नाही. तरी ते हॉटेल कोणासाठी होतं आणि कोणाला किती सहन करत होतं, हे अख्खं कळतं.

दुसरे अरुण कोलटकर. काळा घोडा चौकातल्या 'वेसाइड इन'मध्ये ते वर्षानुवर्षं बसत. गुरुवारी तिथे त्यांची मित्रमंडळी जमत, हे आता दंतकथेसारखं सांगितलं जातं. 'वेसाइड इन' पुढे बंद झालं. कोलटकर २००४ मध्ये गेले आणि त्याच वर्षी 'काळा घोडा पोएम्स' आलं. आवडती जागा आहे, तिथलं नेहमीचं टेबल आहे, मित्र आहेत, आणि ते सगळं संपलंय. स्मरणरंजनाला याहून चांगला कच्चा माल कुठला?

कोलटकरांनी तो मोह टाळला. त्या पुस्तकाचा विषय 'वेसाइड इन' नाही. कवी खिडकीशी बसून बाहेर पाहतो. समोर चौकातलं बेट आहे, त्यावर पसरलेलं कुत्रं आहे, झाडू मारणारी बाई आहे, रस्त्याच्या पोराला आंघोळ घालणारी बाई आहे. 'ब्रेकफास्ट टाइम ॲट काळा घोडा' या दीर्घ कवितेत इडल्यांचा डबा घेऊन एक बाई येते. कवी तिला अन्नपूर्णेच्या जागी बसवतो. भोवती चौकातली, फुटपाथवरची, धड चालता न येणारी माणसं जमतात. इडल्या संपतात, माणसं पांगतात आणि ते हॉटेल नाहीसं होतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा उगवण्यासाठी.

माझ्या मते हरवलेल्या हॉटेलांवर लिहिलेल्या सगळ्या मजकुरात ही कविता वरच्या जागी आहे, आणि त्याचं कारण कवी कोणत्या दिशेला पाहतो यात आहे. आपला स्मरणलेखक हॉटेलात बसून स्वतःकडे पाहतो. कोलटकर हॉटेलात बसून, ज्यांना त्या हॉटेलात कधी बसता आलं नसतं त्यांचं हॉटेल पाहतात. त्या हॉटेलाला पाटी नाही, टेबल नाही, परवाना नाही. ते रोज बंद पडतं, पण त्यावर कोणी मृत्युलेख लिहीत नाही.

मृत्युलेख कशावर येतात ते पाहू. याच परिसरातलं जहांगीर कलादालनातलं 'समोवार' २०१५ मध्ये बंद झालं, तेव्हा वर्तमानपत्रं हळहळली. २०१६ मध्ये 'ऱ्हिदम हाऊस' बंद झालं, तेव्हाही. ती हळहळ खोटी नव्हती. पण हळहळीलासुद्धा पत्ता लागतो. आज नकाशाच्या ॲपवर जुनं हॉटेल शोधलं तर 'कायमचे बंद' असा शेरा दिसतो, खाली लोकांचे फोटो आणि अभिप्राय अजून असतात. हातगाडीची, डबा घेऊन येणाऱ्या बाईची तिथे मुळात नोंदच नसते, त्यामुळे ती 'कायमची बंद'ही होत नाही. आपलं स्मरणसाहित्य असंच चालतं. ज्याची नोंद होती त्याचाच शोक होतो.

आमच्या शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मध्यंतरी शाळेसमोरचं हॉटेल बंद झाल्याची बातमी आली. दोन दिवसांत शेकड्यानं मेसेज पडले. कटवड्याच्या रश्शापासून मालकाच्या स्कूटरच्या नंबरापर्यंत सगळं निघालं. चहा आणून देणारा, आमच्याच वयाचा मुलगा मात्र त्यात 'छोटू' एवढाच होता. हॉटेलांत चौदा वर्षांखालच्या मुलांना कामाला ठेवण्यावर १० ऑक्टोबर २००६ पासून देशभर बंदी आहे. आमचे वडे त्यानंतरचे. रंजन टिकवायचं तर छोटूला छोटूच राहावं लागतं. त्याला नाव दिलं, की तो आता कुठे असेल हे विचारावं लागतं, आणि मग 'काय दिवस होते ते' हे वाक्य घशातून निघत नाही.

यावर कोणी म्हणेल, एका वड्याच्या आठवणीवर सामाजिक न्यायाचं ओझं कशाला? माणूस गाव सोडून येतो, आयटी पार्कातल्या फूड कोर्टात एकाच चवीच्या सहा काउंटरांपैकी एकासमोर उभा राहतो, त्यानं जरा हळवंही होऊ नये का? व्हावं. पण हळवं नेमकं कशासाठी व्हायचं, ते ठरवायला हवं. चव गेलेली नाही. ती घरपोच मिळते. इराणी हॉटेलाचा थाटही मिळतो. लंडनमध्ये २०१० साली 'डिशूम' निघालं, तिथे त्या जुन्या सूचनांच्या धर्तीवरची पाटीसुद्धा आहे. फक्त ती पाटी आता गंमत म्हणून वाचायची. केस विंचरण्यासाठी आरसा शोधणारा माणूस तिथे येत नाही. म्हणजे गेलं आहे ते बाकडं. एका कटिंगवर तास काढण्याची, मालकाच्या नजरेला नजर न देता बसून राहण्याची सोय. ती कोणाला होती, कोणाला नव्हती आणि कशामुळे गेली (वाढतं भाडं, जागेचा भाव, गल्ल्यावर बसायला तयार नसलेली पुढची पिढी), हे लिहिलं तर लेख स्मरणाचा होईल. नाहीतर रंजन आहेच.

शहराची आठवण कशी काम करते हे त्याच चौकानं दाखवून दिलं आहे. ज्याच्यावरून चौकाला नाव पडलं तो सातव्या एडवर्डचा अश्वारूढ पुतळा १९६५ मध्ये तिथून हलवला आणि भायखळ्याच्या राणीच्या बागेत नेला. नाव तसंच राहिलं. २०१७ मध्ये तिथे नवा घोडा बसवला, त्याच्यावर स्वार नाही. नाव देतानाच लोकांनी राजा वगळला होता. पुतळा कोणाचा हे कोरून ठेवलेलं असूनही त्यांनी आपल्याला दिसलं ते उचललं.

काय ठेवायचं आणि काय वगळायचं, ही निवड प्रत्येक आठवणीत होते. आपल्या हॉटेल-लेखांमध्ये ती निवड कोणी केली हे दिसत नाही, एवढीच माझी तक्रार आहे. गल्ल्यावरच्या काकांवर तीन परिच्छेद लिहिणाऱ्याला भट्टीपुढे उभ्या असलेल्या माणसावर एक लिहायला अडचण नसावी. तो माणूस ते हॉटेल रोज बारा तास बघत होता. आपण अर्धा तास.