महायुद्धकालीन विमानांची छायाचित्रे: एक साधनचिकित्सा

अस्सल कागदावाचून इतिहास नाही, हा इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांचा आग्रह. १९२६ साली त्यांचे धुळ्यास निधन झाले. दुसऱ्या महायुद्धातील विमाने जुन्या छायाचित्रांवरून ओळखणारे हौशी संशोधक हाच आग्रह धरतात. परंतु साधन अस्सल असले म्हणजे त्याचे वाचनही अचूक ठरते, असे नव्हे.

१९४३ मध्ये भारत-ब्रह्मदेश आघाडीवरील ब्रिटिश व भारतीय विमानांच्या वर्तुळचिन्हातून तांबडा रंग काढण्यात आला. जपानी विमानांवरील तांबड्या वर्तुळाशी गल्लत होऊ नये, हा हेतू. साहजिकच चिन्हावरून काळ ठरविण्याचा मोह होतो. पण कृष्णधवल चित्रात उमटते ती केवळ छटा. ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मवर तांबडा जवळजवळ काळा दिसतो, पँक्रोमॅटिक फिल्मवर करडा. तेव्हा फिल्मचा प्रकार न पाहता केवळ छटेवरून केलेला कालनिर्णय लटका ठरतो. पंखांची घडण, इंजिन आणि शेपटीजवळचा अनुक्रमांक यांचा परस्परांशी मेळ बसला, तरच निर्णय ग्राह्य मानावा. चित्रामागे उत्तरकाळी लिहिलेली ओळही याच कसोटीस लावली पाहिजे.

पुरावा अपुरा असता ‘अनिर्णित’ असे लिहिण्याचे धैर्य ज्या अभ्यासकापाशी आहे, त्याचेच उरलेले निर्णय विश्वासार्ह होत.