‘कार्बन नाण्या’चे अर्थकारण : ‘द मिनिस्ट्री फॉर द फ्यूचर’ या कादंबरीची चिकित्सा

किम स्टॅन्ली रॉबिन्सन यांची ‘द मिनिस्ट्री फॉर द फ्यूचर’ (२०२०) ही इंग्रजी कादंबरी उत्तर प्रदेशातील उष्णतेच्या भीषण लाटेने सुरू होते. या लाटेत लक्षावधी माणसे मरतात. त्यानंतर कथानक झुरिचला जाते आणि पॅरिस करारातून जन्मलेल्या एका काल्पनिक संस्थेच्या प्रमुख मेरी मर्फी यांच्याभोवती फिरू लागते. समीक्षकांनी या कादंबरीची चर्चा बहुधा हवामानविषयक साहित्य म्हणून केली असली, तरी तिचा खरा नायक पैसा आहे, असे म्हणावे लागते.

डेल्टन चेन यांच्या प्रस्तावाचा आधार घेऊन रॉबिन्सन ‘कार्बन नाणे’ ही कल्पना मांडतात. एक टन कार्बन जाळला नाही, किंवा वातावरणातून काढून शतकभर बंदिस्त ठेवला, तर एक नाणे मिळावे आणि मध्यवर्ती बँकांनी त्याच्या किमतीची हमी द्यावी, अशी ही योजना. प्रदूषणावर कर लावण्याची भाषा सर्वपरिचित आहे. येथे मात्र कार्बन काढणाऱ्यास मोबदला आहे. बँकप्रमुखांचा आरंभीचा नकार आणि नंतरचे मतपरिवर्तन लेखकाने अत्यंत समर्थपणे रंगविले आहे. अर्थशास्त्रातील नीरस वाद कथेत इतका जिवंत झालेला क्वचितच आढळतो.

अडचण उद्भवते ती मोजमापाच्या प्रश्नावर. जमिनीत कार्बन साठविणाऱ्या गरीब शेतकऱ्यांना नाणी मिळतात, हा प्रसंग कादंबरीत हृद्य आहे. पण तो फार सहज उरकतो. मातीतील सेंद्रिय कर्ब मशागतीची पद्धत बदलताच पुन्हा हवेत जाऊ शकतो. भारतातील सरासरी वहिवाट क्षेत्र २०१५-१६ च्या कृषिगणनेनुसार अवघे १.०८ हेक्टर होते. शंभर वर्षे म्हणजे चार पिढ्या. तेवढ्या काळात त्या तुकड्याच्या किती वाटण्या होतील? शिवाय सातबारा एकाच्या नावावर आणि कसणारा बटाईदार दुसराच, अशा स्थितीत नाणे कोणाच्या हाती पडणार? रॉबिन्सन हा प्रश्न उपस्थितच करीत नाहीत.

प्रत्यक्षातील घडामोडी पाहता ही उणीव अधिक जाणवते. आइसलँडमधील ‘ऑर्का’ हा २०२१ मध्ये सुरू झालेला प्रकल्प हवेतून कार्बन डायऑक्साइड वेगळा करून बेसॉल्ट खडकात पुरतो. त्याची घोषित क्षमता वर्षाला ४,००० टन. जगाचे जीवाश्म इंधनजन्य उत्सर्जन सुमारे ३,७०० कोटी टन. अमेरिकेने २०२२ च्या कायद्याने अशा थेट शोषणासाठीची करसवलत टनाला १८० डॉलरपर्यंत नेली. बंदिस्त यंत्रातील वायू मोजता येतो, म्हणून भांडवल तिकडे वळते.

शेताची गोष्ट निराळी. बेसॉल्टची भुकटी शेतात पसरली असता पावसाच्या पाण्यात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड तिच्याशी अभिक्रिया करून बायकार्बोनेटच्या रूपाने अखेर समुद्रात जातो. भारतातील अल्पभूधारकांसोबत हे काम करणाऱ्या ‘माती कार्बन’ या संस्थेस २०२५ मध्ये ‘एक्सप्राइझ’चे ५ कोटी डॉलरचे पारितोषिक मिळाले. दख्खनचे पठार मुळात बेसॉल्टचेच असल्याने महाराष्ट्रात यासंबंधी आशा निर्माण होणे स्वाभाविक आहे. परंतु ही अभिक्रिया अल्कधर्मी जमिनीत मंदावते, आणि येथील बरीचशी काळी जमीन अल्कधर्मीच आहे. त्यामुळे किती कार्बन खरोखर निघाला, हे शेतागणिक नमुने घेऊनच ठरवावे लागेल. तो खर्च एकरभर शेतातून निघणाऱ्या उत्पन्नाच्या तुलनेत किरकोळ नसतो.

कादंबरीच्या रचनेतही हाच असमतोल दिसतो. तिच्या १०६ प्रकरणांत इतिवृत्ते आहेत, साक्षी आहेत, कार्बनच्या अणूचे आत्मकथनही आहे. अणूला वाणी देणाऱ्या लेखकाने बांधावर उभे राहून मातीचा नमुना घेणाऱ्या आणि त्यावर सही करणाऱ्या माणसाला मात्र एकही सविस्तर प्रकरण दिलेले नाही. नाण्याचे मूल्य शेवटी त्या सहीवरच टिकणार असते.