हजेरीपटाबाहेरचं मूल

बालविकास आणि कुटुंब अभ्यासात संशोधन करायचं ठरवलंय? मग ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांची नावं तुमच्या प्रस्तावनेत येणारच. माझ्या पहिल्या आराखड्यातही होती. पण नमुना निवडीच्या पानावर पोचेपर्यंत मी दोघींना विसरले होते.

१९४५ मध्ये त्यांनी बोर्डीत बालशिक्षणाचं काम सुरू केलं. वस्तीतली मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली, तीच अंगणवाडी. पुढे कोसबादला गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढली. म्हणजे ‘कोण येत नाही, आणि का?’ हा प्रश्न पहिला. अर्थात, तो शिक्षणाचा प्रयोग होता, मोजमापाचा अभ्यास नव्हे. त्यावरून ‘विकासात इतका फरक पडला’ असा दावा करू नका. घ्यायचा तो प्रश्न घ्या.

आपण नेमकं उलटं करतो. अंगणवाडीचा हजेरीपट घ्यायचा, त्यातून मुलं निवडायची आणि शीर्षकात ठोकून द्यायचं ‘ग्रामीण कोल्हापूर’. गळीत हंगामात बीडकडून आलेली ऊसतोड कुटुंबं गावाबाहेर कोप्यांत राहतात. धाकटं भावंड कडेवर घेऊन फडाजवळ बसलेली त्यांची पोरगी या पटावर सहसा नसते. मग आपली ‘सरासरी’ नेमकी कुणाची?

उपाय दोनच: कोपीपर्यंत जा, नाहीतर शीर्षक लहान करा. मी शीर्षक लहान केलंय. कोपीपर्यंत जायचं अजून बाकी आहे.