इराण्याचा कप

मुंबईतल्या इराणी हॉटेलांवर हळवे लेख पुष्कळ येतात. त्यांत बनमस्का असतो, संगमरवरी टेबल असते, भिंतीवरचे आरसे आणि सूचनांच्या पाट्याही असतात. कप मात्र नसतो. आमच्या दृष्टीने प्रश्न कपाचाच आहे.

माझ्या वडिलांसाठी गावच्या हॉटेलात वेगळी कपबशी होती. चहा पिऊन ती स्वतः विसळायची आणि वळचणीला ठेवायची. राज्यघटनेच्या १५ व्या कलमात उपाहारगृहांचा स्पष्ट उल्लेख करावा लागला तो उगीच नव्हे. १९५५ च्या कायद्याने हा भेद गुन्हा ठरवला. तरी कपबशी वळचणीलाच राहिली. १९७४ साली वडील गिरणीत बदली कामगार म्हणून लागले आणि नाक्यावरच्या इराण्याकडे त्यांनी सर्वांचा कप पहिल्यांदा ओठाला लावला. चहा कडक होता की पाणचट, हे त्यांनी कधीच सांगितले नाही. (रसिकांनी नोंद घ्यावी!)

यात इराण्याचे औदार्य शोधू नये. त्याला गल्ल्याशी मतलब. पण गावच्या हॉटेलवाल्यालाही गल्ला होताच की! हा फरक कशाचा, एवढे तरी या लेखकांनी तपासायला हवे होते. आत मोरीवर कप विसळणारा पोऱ्या कोण होता, हे मात्र वडिलांना विचारायचे माझेही राहून गेले.