राज्याभिषेकानंतरची पानं

तुडील आणि रायगड एकाच महाड तालुक्यातले. ६ जून १६७४ ला रायगडावर एक सेनानी छत्रपती झाला, हे इथल्या पोरांना सांगावं लागत नाही. पण पुढची, ३ एप्रिल १६८० पर्यंतची सहा वर्षं? फोनवरच्या रील्स प्रतापगड, लाल महाल, आग्रा करत सिंहासनापाशी थांबतात.

सेनानींच्या चरित्रांची ही जुनी खोड. अमेरिकेचे युलिसिस ग्रँट यादवी युद्ध जिंकून दोनदा राष्ट्राध्यक्ष झाले. १८८५ मध्ये, मरणाच्या दारात लिहिलेल्या आठवणी मात्र त्यांनी युद्धापाशीच संपवल्या.

म्हणून मला सभासदाची बखर मोलाची वाटते. कृष्णाजी अनंत सभासदाने ती राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून जिंजीला लिहिली. कालक्रमासाठी तिच्यावर विसंबू नये, तो फार गडबडतो. पण हा गडी पराक्रम सांगता सांगता मध्येच कारभाराकडे वळतो. गडावर हवालदार, सबनीस, सरनोबत तिघे बरोबरीचे, म्हणजे कुणा एकट्याला फितूर होऊन गड देता येऊ नये. जिंकलेलं राज्य तलवारीशिवाय कसं टिकेल, याची ही तजवीज. वीररसाच्या चरित्रांत याला दोन ओळी मिळाल्या तरी पुष्कळ.

महाराजांच्या मागे काय उरलं, त्याची यादीही बखरीत आहे. सोनंनाणं, रत्नं, कापड, मसाले, घोडे. कंटाळवाणी आहे, हो. पण ती लिहिली गेली तेव्हा रायगड मोगलांकडे जाऊन काही वर्षं झाली होती. राजधानी गेलेली, आणि हा माणूस दूर जिंजीत बसून कोठारातल्या जिनसा मोजतोय.